पाणी कुठे मुरतंय? मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅममधली रिसोर्स गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिसोर्स गळती म्हणजे मेमरी लीकच ना?

मेमरी लीक हा तिचा एक प्रकार झाला. प्रोग्रॅमने सिस्टिमकडून जे जे मागून घेतलं आणि काम झाल्यावर परत करायचं राहून गेलं, ते सगळं गळतीत मोडतं. उघडी राहिलेली फाइल, सॉकेट, डेटाबेस कनेक्शन, घेतलेलं पण न सोडलेलं लॉक, सेमाफोरचं परमिट, संपून गेलेला पण कोणी जॉइन न केलेला (ज्याचा हिशेब मिटवला नाही असा) थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, विंडोजवरचं हँडल, डिस्कवर पडून राहिलेल्या तात्पुरत्या फाइली, सगळं त्यात आलं.

हा फरक मी सुरुवातीलाच सांगतो, कारण 'आमची भाषा गार्बेज कलेक्टेड (वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा करणारी) आहे, आम्हाला गळतीची चिंता नाही' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. कलेक्टर मेमरीकडे बघतो. हीपमध्ये (प्रोग्रॅमला लागेल तशी मेमरी जिथून मिळते त्या साठ्यात) भरपूर जागा असेल तर तो निवांत असतो, आणि तेवढ्या वेळात तुमचे डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइल-सॉकेटना ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल) देतो ते क्रमांक, संपून जातात. एक सॉकेट ऑब्जेक्ट हीपमध्ये अगदी थोडी जागा घेतो, पण कर्नलच्या लेखी तो एक पूर्ण डिस्क्रिप्टर असतो. कलेक्टरला त्याची किंमत दिसतच नाही.

गळती तर एका थ्रेडच्या प्रोग्रॅममध्येही होते. अनेक थ्रेड आले की वेगळं काय होतं?

मालकी हरवते. एका थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये फाइल जिथे उघडली त्याच फंक्शनमध्ये, फार तर त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, ती बंद होते. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी एका नजरेत दिसतात. अनेक थ्रेड असले की रिसोर्स एका थ्रेडमध्ये जन्मतो, क्यूमधून दुसऱ्याकडे जातो, तिथून एखाद्या कॉलबॅकच्या हाती लागतो. या प्रवासात 'आता बंद करायची जबाबदारी कोणाची' हे कुठेच लिहिलेलं नसतं. देणारा म्हणतो घेणाऱ्याने बंद करावं, घेणारा समजतो देणारा करेल.

दुसरी अडचण अशी की त्रास एकाला होतो आणि चूक दुसऱ्याची असते. डिस्क्रिप्टर गळवतो अहवाल तयार करणारा थ्रेड, पण 'आता डिस्क्रिप्टर नाहीत' ही एरर मिळते नव्या विनंत्या स्वीकारणाऱ्या थ्रेडला. स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) त्या बिचाऱ्याचा छापला जातो आणि सगळी टीम त्याचाच कोड उकरत बसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो. म्हणून या पानावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: एरर कुठे आली हे बाजूला ठेवा, गळलेली वस्तू कोणी उघडली होती ते शोधा.

वापर वाढलेला दिसतोय. ही गळतीच आहे हे कसं ठरवायचं?

आलेखाचा आकार बघा. सुरू झाल्यावर वापर वाढतो, पूल (पुन्हा वापरायला तयार ठेवलेल्या कनेक्शनचे किंवा थ्रेडचे साठे) भरतात, कॅश गरम होते आणि मग रेघ सपाट होते. हे निरोगी लक्षण. गळतीत रेघ सपाट होत नाही. ती कामाच्या प्रमाणात चढत राहते, आणि काम थांबलं तरी खाली येत नाही.

म्हणून माझी पहिली चाचणी अशी: ठरावीक लोड द्या, थांबवा, टाइमआउट होऊन जातील एवढा वेळ जाऊ द्या, आकडा टिपा. पुन्हा तेवढाच लोड, पुन्हा थांबा, पुन्हा आकडा. असं चार-पाच वेळा करा. दर फेरीला आकडा सारख्याच पायरीने वर जात असेल तर गळती आहे, आणि पायरीची उंची हा फार मोलाचा सुगावा असतो. हजार विनंत्यांमागे हजार डिस्क्रिप्टर वाढले तर गळती मुख्य वाटेवर आहे. हजारांमागे तीनच वाढले तर ती एरर, टाइमआउट किंवा रेस (दोन थ्रेडची वेळेची चढाओढ) अशा क्वचित लागणाऱ्या वाटेवर आहे. शोध कुठे घ्यायचा ते इथेच निम्मं ठरतं.

मेमरीच्या बाबतीत मात्र एक चकवा लक्षात ठेवा. लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरी वाटणारं फंक्शन) थ्रेडमधली भांडणं टाळण्यासाठी वेगवेगळे अरीना (मेमरीचे कप्पे) वापरतो, आणि ६४-बिट सिस्टिमवर त्यांची मर्यादा कोअरच्या संख्येच्या ८ पट असते. बरेच थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये मोकळी केलेली मेमरी या अरीनांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी अडकून राहते. आरएसएस (प्रोसेसने खरोखर व्यापलेली मेमरी) फुगलेला दिसतो, पण एकही बाइट गळलेला नसतो. 'मॅलॉक अरीना मॅक्स' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ किंवा ४ वर आणून तीच चाचणी परत घ्या. फुगवटा ओसरला तर तो अरीनांचा होता, आणि तुमचे दोन दिवस वाचले.

'टू मेनी ओपन फाइल्स' अशी एरर येतेय. लिमिट वाढवली तर चालेल का?

श्वास घ्यायला वेळ हवा असेल तर वाढवा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. गळती असेल तर १,०२४ ची मर्यादा ६५,५३६ केल्याने फक्त कोसळण्याचा दिवस पुढे जातो.

आधी एररचा क्रमांक बघा. लिनक्सवर २४ म्हणजे तुमच्या प्रोसेसची मर्यादा संपली. २३ म्हणजे पूर्ण सिस्टिमची संपली, आणि मग दोषी भलतीच प्रोसेस असू शकते.

लिमिट वाढवण्यात एक खरा धोकाही आहे. प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या एखाद्या जुन्या लायब्ररीत 'सिलेक्ट' हा, अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम नजर ठेवणारा, कॉल वापरला असेल, तर त्याचा डिस्क्रिप्टर संच १,०२४ इतक्याच जागांचा असतो. त्यापुढचा क्रमांक त्यात घालायला गेलं की शेजारची मेमरी खराब होते. आधी स्वच्छ एरर मिळत होती, लिमिट वाढवल्यावर अधूनमधून अगम्य क्रॅश सुरू झाले, असं झालं तर इथे बघा. उपाय हेच काम करणाऱ्या 'पोल' किंवा 'ईपोल'कडे जाण्याचा आहे.

प्रॉडक्शनवर गळती चालू आहे. सगळ्यात आधी काय करू?

रीस्टार्ट करू नका. निदान पाच मिनिटं तरी नाही. रीस्टार्ट केलं की सेवा सुरू होते आणि पुरावा पुसला जातो, मग पुढच्या वेळेपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

लिनक्सवर 'प्रॉक' फाइलसिस्टिममध्ये तुमच्या प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात 'एफडी' नावाची डिरेक्टरी. तिथे प्रत्येक उघड्या डिस्क्रिप्टरची एक लिंक दिसते. ती यादी पूर्ण फाइलमध्ये उतरवून घ्या. मग शांतपणे वाचा. सॉकेट किती, पाइप किती, साध्या फाइली किती? एकाच नावाची फाइल शेकडो वेळा आहे का? नावापुढे 'डिलीटेड' लिहिलेल्या फाइली आहेत का? तशा असतील तर फाइल पुसली गेली पण कोणीतरी तिला धरून बसलंय, आणि डिस्कची जागाही त्यामुळेच सुटत नाहीये. नुसते ईपोलचे डिस्क्रिप्टर वाढलेले दिसले तर कोणीतरी दर विनंतीला नवा इव्हेंट लूप किंवा नवा एचटीटीपी क्लायंट तयार करतोय, हे जवळजवळ नक्की समजा.

याच यादीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. नवा डिस्क्रिप्टर देताना कर्नल उपलब्ध असलेला सगळ्यात लहान क्रमांक देतो, हा पॉझिक्सचा नियम आहे. त्यामुळे गळलेले डिस्क्रिप्टर लहान क्रमांक अडवून बसतात आणि चालू असलेलं काम वरच्या क्रमांकांवर सरकत जातं. पाच मिनिटांच्या अंतराने दोन याद्या घ्या आणि दोन्हींमध्ये जसेच्या तसे राहिलेले क्रमांक वेगळे काढा. सुरुवातीचे काही लॉग फाइल, लिसनिंग सॉकेट वगैरे हक्काचे रहिवासी असतात. बाकीचे तुमचे संशयित.

त्यानंतर सगळ्या थ्रेडचे स्टॅक घ्या. जावामध्ये 'जेस्टॅक' किंवा 'जेसीएमडी', सी आणि सी प्लस प्लसमध्ये जीडीबी जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी', गो भाषेत पीप्रॉफचं गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) प्रोफाइल. एक डम्प पुरत नाही. दहा-दहा सेकंदांनी तीन घ्या, म्हणजे क्षणभर थांबलेला थ्रेड आणि कायमचा अडकलेला थ्रेड यांतला फरक कळतो. जीडीबी जोडल्यावर प्रोसेस तेवढा वेळ थांबते, हे मात्र आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

हे सगळं हाती आलं की खुशाल रीस्टार्ट करा.

नेटस्टॅटमध्ये 'क्लोज वेट' आणि 'टाइम वेट' दोन्ही भरपूर दिसतात. कोणाची काळजी करू?

'क्लोज वेट'ची. समोरच्याने कनेक्शन बंद केलं आणि तुमच्या प्रोग्रॅमने अजून 'क्लोज' म्हटलेलं नाही, असा त्याचा अर्थ. त्याला कर्नलचा कोणताही टाइमआउट नाही, प्रोसेस जिवंत आहे तोवर तो तसाच राहू शकतो. वाढते 'क्लोज वेट' म्हणजे गळती तुमच्याच कोडमध्ये. 'टाइम वेट' हा टीसीपीचा नेहमीचा शेवटचा टप्पा, लिनक्सवर ६० सेकंदांत आपोआप संपतो, आणि त्या वेळी डिस्क्रिप्टर आधीच परत गेलेला असतो.

थ्रेडच गळतात म्हणजे काय होतं?

दोन अगदी वेगळे प्रकार या एका नावाखाली येतात.

पहिल्यात थ्रेड संपलेला असतो पण त्याचा हिशेब मिटवलेला नसतो. पीथ्रेड लायब्ररीत नवा थ्रेड मुळात जॉइन करण्याजोगा असतो. त्याला कोणी जॉइन केलं नाही आणि डिटॅचही ('संपल्यावर स्वतःच आवर' असं सांगणं) केलं नाही, तर काम संपल्यावरही त्याचा स्टॅक आणि नोंद अडकून राहते. लिनक्सवर स्टॅकचा नेहमीचा आकार ८ एमबी असतो. तो बहुतांशी नुसता राखून ठेवलेला पत्ता असतो, खरी मेमरी थोडीच लागते. म्हणून आरएसएसमध्ये ही गळती उठून दिसत नाही, व्हर्च्युअल मेमरीचा आकडा मात्र झपाट्याने चढतो. फसवणूक अशी की चालू थ्रेडच्या यादीत हे थ्रेड दिसत नाहीत. संख्या ठीक, मेमरी जातेय, असं कोडं पडतं. सी प्लस प्लसचा 'एसटीडी थ्रेड' इथे कडक आहे: जॉइन किंवा डिटॅच न करता ऑब्जेक्ट नष्ट झाला तर तो सरळ प्रोग्रॅमच संपवतो. लोकांना हे क्रूर वाटतं, पण चूक लगेच कळते हे मला मोठं सुख वाटतं. सी प्लस प्लस २० मधला 'जेथ्रेड' स्वतःच जॉइन करतो, नव्या कोडमध्ये तोच वापरावा.

दुसऱ्या प्रकारात थ्रेड जिवंत असतो आणि कधीच न येणाऱ्या गोष्टीची वाट बघत बसतो. जावामध्ये दर विनंतीला नवा एक्झिक्युटर (थ्रेडचा पूल सांभाळणारा ऑब्जेक्ट) तयार करून 'शटडाउन' न करणं हे याचं नेहमीचं उदाहरण. शेवटी 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' असा संदेश येतो. एररच्या नावात 'आउट ऑफ मेमरी' असल्याने लोक हीप वाढवतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! उलट हीप वाढवला की थ्रेडच्या स्टॅकला उरलेली जागा कमी होते.

गोमध्ये हेच गोरूटीनचं होतं. बफर नसलेल्या चॅनेलवर उत्तर पाठवायला गोरूटीन उभी आहे, आणि ऐकणारा टाइमआउट होऊन केव्हाच निघून गेलाय. ती गोरूटीन कायम तिथेच. सुरुवातीचा स्टॅक २ केबीचा असल्याने लाखभर साचेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी चॅनेलला एकाची जागा असलेला बफर दिला तरी पाठवणारी गोरूटीन मोकळी होते.

आणि थ्रेडला नावं द्या. लिनक्सवर १५ अक्षरं मिळतात, पण डम्पमध्ये 'थ्रेड-४८१२' दिसण्यापेक्षा 'मेल-पाठव-३' दिसलं तर शोध कितीतरी लवकर संपतो.

कनेक्शन पूल संपतोय, पण डेटाबेस तर रिकामा बसलेला दिसतो. हे कसं?

हा प्रश्न मला जवळचा आहे, कारण यात मी स्वतः तीन दिवस घालवलेत. आमची एक सेवा दुपारनंतर गोठायची. सगळे थ्रेड कनेक्शन मिळायची वाट बघत उभे. आम्ही डेटाबेसच्या लोकांवर खापर फोडलं, त्यांनी दाखवलं की त्यांच्याकडे एकही क्वेरी चालू नाही. कनेक्शन आमच्याकडेच होती, फक्त कोणाच्याच हातात नव्हती.

शेवटी पूलची गळती शोधणारी सोय चालू केली. जावामधल्या हिकारीसीपी या कनेक्शन पूलमध्ये तिचं नाव 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड'. ती मुळात बंद असते आणि किमान २,००० मिलिसेकंद द्यावे लागतात. तेवढ्या वेळात कनेक्शन परत आलं नाही तर ते कोणी घेतलं होतं त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये पडतो. तासाभरात ट्रेस आला आणि त्याने बोट दाखवलं अहवाल निर्यात करणाऱ्या कोडकडे. तिथे विनंतीचा थ्रेड कनेक्शन घ्यायचा, ते कामासोबत बांधून दुसऱ्या पूलच्या क्यूत टाकायचा, आणि काम करणारा थ्रेड शेवटी ते बंद करायचा. बंद करायची ओळ होती, 'फायनली'मध्ये (एरर आली तरी शेवटी चालणाऱ्या भागात) होती, अगदी बरोबर होती. पण दुपारी गर्दी वाढली की क्यू भरायची आणि काम नाकारलं जायचं. नाकारलेलं काम सुरूच होत नाही, मग त्यातली 'फायनली' तरी कशी चालणार? कनेक्शन त्या दोन थ्रेडच्या मधल्या उंबरठ्यावर हरवत होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती: कनेक्शन विनंतीच्या थ्रेडमध्ये घ्यायचंच नाही, काम करणाऱ्या थ्रेडने स्वतः घ्यायचं आणि स्वतः सोडायचं. तेव्हापासून रिसोर्स क्यूमधून जाताना दिसला की मी थांबतो. क्यूमधून जमेल तिथे माहिती पाठवावी, उघडी वस्तू नाही. आणि वस्तू पाठवणं टाळताच येत नसेल, तर क्यूने नाकारलं तर काय, क्यूत असतानाच प्रोग्रॅम बंद झाला तर काय, घेणारा थ्रेड पहिल्याच ओळीवर पडला तर काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कोडमध्ये दिसली पाहिजेत.

थ्रेडलोकलमुळे गळती होते असं ऐकलं. ते तर थ्रेडबरोबर संपतं ना?

थ्रेडलोकल म्हणजे प्रत्येक थ्रेडपाशी स्वतंत्र ठेवलेली व्हॅल्यू, ती थ्रेड संपला तर संपते. पूलमधला थ्रेड संपतच नाही. जावामध्ये थ्रेडलोकलच्या नकाशात की दुबळ्या संदर्भाने धरलेली असते, पण व्हॅल्यू पक्क्या संदर्भाने. काम संपताना 'रिमूव्ह' बोलावलं नाही तर व्हॅल्यू थ्रेडला चिकटून राहते, आणि तिच्यामार्फत कधीकधी पूर्ण क्लासलोडरही. सर्व्हर चालू ठेवून ॲप पुन्हा पुन्हा डिप्लॉय केलं की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा) भरते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. शिवाय मागच्या विनंतीचा डेटा पुढच्या विनंतीला दिसणं हा गळतीहून गंभीर दोष यातूनच येतो. 'सेट'च्या खालच्याच ओळीपासून 'ट्राय' सुरू करा आणि 'फायनली'मध्ये 'रिमूव्ह'.

रेस कंडिशनमुळे गळती कशी होते?

सगळ्यात साधं उदाहरण घेऊ. कोड म्हणतो, कनेक्शन नसेल तर उघडा आणि सामायिक जागी ठेवा. थ्रेड अ बघतो, जागा रिकामी. तो उघडायला जातो, नेटवर्कवर काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात थ्रेड ब बघतो, जागा अजून रिकामीच. तोही उघडायला जातो. अ परत येतो, आपलं कनेक्शन ठेवतो. ब परत येतो, त्यावर आपलं ठेवतो. अ चं कनेक्शन आता कोणाच्याच हिशेबात नाही. क्रॅश नाही, एरर नाही, उत्तरही बरोबर. फक्त एक सॉकेट वाढला. म्हणूनच असा दोष वर्षानुवर्षं टिकतो.

इथे बघणं आणि ठेवणं ही एकच अखंड क्रिया हवी. लॉक घ्या, किंवा भाषेत 'एकदाच चालव' अशी सोय असेल ती वापरा. अणुविनिमय (जुनी व्हॅल्यू तीच असेल तरच नवी ठेवणारी अखंड क्रिया, म्हणजे कंपेअर-अँड-स्वॅप) करत असाल, तर हरलेल्या थ्रेडने आपली प्रत बंद करायची हे विसरू नका. कंपेअर-अँड-स्वॅप अयशस्वी झाल्यावर हातातली वस्तू नुसती सोडून देणारा कोड मी चांगल्या चांगल्यांचा पाहिलाय.

सुरक्षितता म्हणून दोनदा 'क्लोज' केलं तर बिघडलं कुठे?

एका थ्रेडमध्ये सहसा काही बिघडत नाही, दुसऱ्या वेळी एरर मिळते आणि विषय संपतो. अनेक थ्रेडमध्ये हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात घातक दोष आहे, गळतीपेक्षाही.

क्रम बघा. थ्रेड अ ने १७ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर बंद केला. सगळ्यात लहान मोकळा क्रमांक आता १७. थ्रेड ब ने ग्राहकाचं सॉकेट स्वीकारलं, त्याला १७ मिळाला. आता अ च्या एरर हाताळणाऱ्या कोडने 'सुरक्षितता म्हणून' पुन्हा १७ बंद केला. ही एरर नाही, हे यशस्वी 'क्लोज' आहे, फक्त ब च्या सॉकेटचं. लगेच थ्रेड क ने लॉग फाइल उघडली, तिला १७ मिळाला. ब ला यातलं काहीच ठाऊक नाही. तो ग्राहकाला पाठवायचं उत्तर १७ वर लिहितो, आणि ते लॉग फाइलमध्ये जाऊन पडतं.

लॉगमध्ये भलताच मजकूर, डेटा फाइलमध्ये एचटीटीपीचे हेडर, असं काही दिसलं की डिस्क्रिप्टरच्या पुनर्वापराचा संशय आधी घ्या. बंद केल्याबरोबर व्हेरिएबलमध्ये उणे एक ठेवण्याची सवय लावा, आणि तो व्हेरिएबल दोन थ्रेड वाटून घेत असतील तर ती अदलाबदल अणुरूप करा.

याच कुळातला एक बारकावा: लिनक्सवर 'क्लोज'ने 'इंटरप्टेड' अशी एरर दिली तरी डिस्क्रिप्टर तोवर सुटलेला असतो. इतर कॉलप्रमाणे इथे पुन्हा प्रयत्न केलात तर वरचीच गोष्ट घडते.

कोणती साधनं वापरू?

प्रोग्रॅम आपल्या देखरेखीखाली चालवून चुका शोधणारं व्हॅलग्राइंड अजूनही माझं आवडतं आहे. त्याचा 'ट्रॅक एफडीज' हा पर्याय शेवटी उघडे राहिलेले डिस्क्रिप्टर आणि ते कुठे उघडले त्याचा स्टॅक दाखवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण तो एका वेळी एकच थ्रेड चालवतो आणि प्रोग्रॅम दहापट किंवा त्याहून मंद करतो. त्यामुळे रेसमधून होणारी गळती त्याच्याखाली गायब होऊ शकते.

ॲड्रेससॅनिटायझर (कंपाइल करतानाच मेमरीच्या तपासण्या घालणारं साधन) साधारण दुप्पट मंद, म्हणून रोजच्या टेस्टमध्ये ठेवता येतो. ६४-बिट लिनक्सवर गळती शोधणारा भाग त्यात मुळातच चालू असतो, पण तो फक्त मेमरी बघतो. थ्रेडसॅनिटायझर रेस पकडतो आणि जॉइन न केलेले थ्रेडही सांगतो. वेळ ५ ते १५ पट लागतो आणि तो ॲड्रेससॅनिटायझरबरोबर एकाच बिल्डमध्ये चालत नाही, दोन वेगळे बिल्ड ठेवावे लागतात. चालू प्रोसेसला हात न लावता बघायचं असेल तर बीसीसी या लिनक्सच्या साधनसंचातलं 'मेमलीक' आहे. पायथनमध्ये 'रिसोर्स वॉर्निंग' चालू करा, ती मुळात दडवलेली असते, आणि मेमरीसाठी ३.४ पासून 'ट्रेसमॅलॉक' आहेच.

यातली बहुतेक साधनं 'विसरलेली पण हाताशी असलेली' वस्तू गळती म्हणून दाखवत नाहीत. एका ग्लोबल मॅपमध्ये दर सेशनला एक नोंद जाते आणि काढली कधीच जात नाही, तर साधनांच्या दृष्टीने ती वापरातच आहे. तिथे दोन हीप डम्पची तुलना आणि वाढलेल्या क्लासला कोण धरून बसलंय ते बघणं, हाच रस्ता.

माझ्या मशीनवर गळती होतच नाही. मग?

मशीनला अडचणीत आणा. डिस्क्रिप्टरची मर्यादा ६४ वर आणा, कनेक्शन पूल २ चा करा, क्यूची लांबी १. प्रॉडक्शनवर आठवड्याने दिसणारी गळती काही सेकंदांत समोर येते. मग चुकांच्या वाटा मुद्दाम चालवा: समोरचं सर्व्हर मध्येच बंद करा, टाइमआउट १ मिलिसेकंद करा, चालू विनंती ग्राहकाकडून तोडा. रेसचा संशय असेल तिथे बघणं आणि ठेवणं यांच्या मध्ये तात्पुरता 'स्लीप' घाला. रेस उघडी पडली की तुमचा अंदाज सिद्ध झाला. मात्र स्लीप घातल्याने दोष दिसेनासा झाला, तर तो सुटला असं समजू नका.

अडकलेला थ्रेड बाहेरून मारून टाकला तर?

मारू नका. त्याच्या हातातली लॉक, फाइली, अर्धवट बदललेला डेटा सगळं तसंच राहतं. जावाचा 'थ्रेड स्टॉप' १.२ पासून नापसंत ठरवलेला आहे आणि जावा २० पासून तो चालतच नाही, फक्त एक्सेप्शन टाकतो. विंडोजच्या 'टर्मिनेट थ्रेड'बद्दलही तेच म्हणेन. थांबण्याची विनंती पोचवा आणि थ्रेडला स्वतः आवरून बाहेर पडू द्या.

चाइल्ड प्रोसेस सुरू केल्यावर पोर्ट अडकून राहतो. याचा थ्रेडशी संबंध आहे?

आहे. 'फोर्क' (प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, तयार करणं) झाल्यावर उघडे डिस्क्रिप्टर चाइल्डकडेही जातात. एक थ्रेड फाइल उघडतो, 'एक्झेक'वेळी (चाइल्ड दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा) बंद व्हावी अशी खूण पुढच्या ओळीत लावतो, आणि त्या दोन ओळींच्या फटीत दुसरा थ्रेड फोर्क करतो. चाइल्डच्या हाती डिस्क्रिप्टर गेला. मूळ प्रोसेस मेली तरी पोर्ट सुटत नाही. खूण उघडतानाच लावायची, त्यासाठी लिनक्सवर 'ओ क्लोएक्झेक' हा फ्लॅग २.६.२३ पासून आहे. पायथन ३.४ पासून हे आपोआप होतं.

विंडोजवर काय बघू?

टास्क मॅनेजरमध्ये 'हँडल्स'चा कॉलम चालू करा. प्रकारवार बघायला प्रोसेस एक्सप्लोरर. थ्रेड प्रकारची हँडल वाढत असतील तर 'क्रिएट थ्रेड'ने दिलेलं हँडल बंद करायचं राहिलंय. ते थ्रेड संपल्यावरही आपोआप सुटत नाही. कोणी उघडलं ते शोधायला विनडीबीजीचं 'एचट्रेस' स्नॅपशॉट घेऊन फरक दाखवतं. खिडक्या रंगवणाऱ्या ॲपमध्ये जीडीआय (विंडोजवर चित्र काढायला लागणाऱ्या) ऑब्जेक्टचा कॉलमही ठेवा, त्यांची नेहमीची मर्यादा प्रोसेसमागे १०,००० आहे.

दुरुस्ती झाली असं केव्हा म्हणायचं?

आधी टेस्ट लिहा, जी दुरुस्तीशिवाय नापास होते. काम दहा हजार वेळा, अनेक थ्रेडमधून, त्यातलं काही मुद्दाम फसवून चालवायचं. आधी आणि नंतर डिस्क्रिप्टर, थ्रेड आणि पूलमधली वापरातली कनेक्शन मोजायची. पहिल्या काही शे फेऱ्या हिशेबात धरू नका, त्या गरम होण्याच्या. त्यानंतर फरक शून्य हवा, 'जवळजवळ शून्य' नको. दहा हजारांत दोन उरले तर ती अजून एक वाट आहे जी तुम्हाला सापडलेली नाही.

आणि हे तीन आकडे डॅशबोर्डवर कायमचे ठेवा, दिवसाच्या नाही तर महिन्याच्या आलेखावर. आमच्या त्या सेवेत अहवालाची दुरुस्ती झाल्यावर महिन्याच्या आलेखात आणखी एक बारीक चढ दिसला, दिवसाला एका डिस्क्रिप्टरचा. तो रोज पहाटे लॉग फाइल बदलताना जुनी बंद न करणारा थ्रेड होता.